कोण पाहत आहे?

आमच्या घरात कोणी काय विचारायचे हे परंपरेने ठरलेले आहे. "आज डब्यात काय?" हे बाबा विचारतात, "परीक्षा कधी?" हे आजी विचारते, आणि "माझा चार्जर कुणी घेतला?" हे माझा धाकटा भाऊ दिवसातून चार वेळा विचारतो. उत्तरे बहुतेक आईच देते. गेल्या दिवाळीत या घरात आणखी एक प्रश्नकर्ता आला. काडेपेटीहून थोडा मोठा, काळा, दिसायला अगदी मुखदुर्बळ असा एक डबा. टीव्हीच्या पाठीमागे त्याची वायर खोचायची, त्याला वीज द्यायची आणि घरातल्या वायफायशी त्याची ओळख करून द्यायची. मग त्यातले एखादे ॲप उघडले की चित्र दाखवण्याआधी तो पडद्यावर विचारतो, "कोण पाहत आहे?"

प्रश्न साधा आहे. पण मंडळी, गंमत अशी की टीव्ही नावाच्या वस्तूने इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली, ती मनोऱ्यावरून. मनोरा लाटा सोडत असे, आणि ज्याच्या घरावर अँटेना असेल त्याला चित्र मिळत असे. कोण पाहते आणि कोण पाहत नाही, हे त्या मनोऱ्याला कळण्याची सोयच नव्हती. बाबा सांगतात की, २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत 'रामायण' चालू होते, तेव्हा रविवारी सकाळी त्यांच्या आळीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे चाळीस माणसे बसत. पुढे मुले, मागे बायका, दारात पुरुष, खिडकीत उरलेले. त्या चाळिसांत कुणाला काय आवडते हा विचार कुणाच्या मनाला शिवत नसे. जे लागेल ते सर्वांचे!

त्यानंतर घरोघरी टीव्ही आले, वाहिन्या आल्या, आणि घरातल्या घरात रिमोटसाठी लढाया झाल्या. त्या लढायाही २०१६ नंतर हळूहळू थंडावल्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि ज्याच्या हातात फोन तो आपापल्या चित्राचा राजा झाला. आमच्याकडे भाऊ कानांत बोंडे घालून क्रिकेट पाहायचा, बाबा रात्रपाळीहून आल्यावर पडल्यापडल्या जुनी गाणी पाहायचे, मी माझे काही तरी पाहायची. टीव्हीवर मात्र धूळ. आईकडेही फोन आहे. पण तिचा फोन हा फोन करण्यासाठीच असतो. एवढ्याशा पडद्यावर पाहायचे तर चष्मा लावून एका जागी बसावे लागते, आणि आई एका जागी बसली असे दृश्य आमच्या घरात दुर्मीळ आहे.

हा डबा आला तो या पार्श्वभूमीवर. तसे त्याचे कूळ काही फार जुने नाही. ॲपलने असा डबा २००७ मध्ये आणला, रोकूचा २००८ मध्ये आला, आणि गुगलने २०१३ मध्ये क्रोमकास्ट नावाचा बोटभर तुकडा काढला, तेव्हा ही वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. त्याचे काम कसे चालते हे भावाने मला एकदा समजावून दिले, आणि मला ते मोठे मौजेचे वाटले. दूर कुठे तरी साठवलेला चित्रपट अखंड नसतोच. त्याचे काही काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा स्वच्छ, मध्यम, धूसर अशा अनेक प्रतींत तयार ठेवलेला असतो. डबा आपल्या इंटरनेटचा वेग पाहतो आणि तेवढ्या ताकदीचा पुढचा तुकडा मागवतो. वेग कमी झाला तर धूसर प्रत मागवतो. म्हणून चित्र पुसट होते, पण शक्यतो थांबत नाही. थोडे तुकडे तो आधीच मागवून जवळ ठेवतो. ती शिदोरी संपली की पडद्यावर ते प्रसिद्ध वर्तुळ फिरू लागते. सेकंदाला पाच मेगाबिट या वेगाने तासाभराच्या चित्राला सव्वादोन जी.बी. लागतात. हा हिशेब भावाने केला, कारण महिन्याचे बिल आल्यावर बाबा त्यालाच विचारतात!

फोनमुळे प्रत्येकाच्या खिशात गेलेले चित्र या डब्याने पुन्हा मधल्या खोलीत, भिंतीवर आणले, हे मला त्याचे मोठे उपकार वाटतात. पण त्या चित्राबरोबर तो प्रश्नही आला. त्याचे उत्तर म्हणून पडद्यावर छोटे छोटे चेहरे असतात, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली एक नाव. भावाने पहिल्याच दिवशी नावे भरली. बाबांचे, स्वतःचे, माझे. आजीला कीर्तन लागते म्हणून 'आजी' असाही एक चेहरा झाला. मग त्याने स्वयंपाकघराकडे पाहून विचारले,

"आई, तुझं नाव घालू?"

"माझं कशाला रे? तुम्ही लावाल ते मी बघीनच की जाता-येता."

जाता-येता! आईचे सारे पाहणे असेच आहे. कणीक मळता मळता मालिकेचा अर्धा भाग, बाबांचे ताट वाढताना बातम्यांचा एक तुकडा. त्या डब्यासारखेच तिलाही सारे तुकड्यातुकड्यांनी मिळते. फरक इतकाच की, डबा हवा तो तुकडा मागवून घेतो. आईने काही मागवलेले आम्ही पाहिले नव्हते.

जानेवारीतली गोष्ट. एक तास झाला नाही म्हणून मी दुपारी लवकर घरी आले. बाबा पाळीवर, भाऊ क्लासला, आजी झोपलेली. मधल्या खोलीत पेटी वाजत होती आणि तिच्या जोडीला मृदंग होता. आई खुर्चीवर बसली होती. हातात काही काम नव्हते! रिमोटवर माईकचे बटण आहे. ते दाबून मराठीत बोलले की डबा शोधून देतो. भावाने हे आजीला कीर्तनासाठी शिकवले, तेव्हा आई चपात्या लाटत ऐकत असली पाहिजे. तिने ते बटण दाबून दोनच शब्द उच्चारले होते, "दशावतार नाटक".

पडद्यावर काळ्या वेषातली, काळा बुरखा घेतलेली आणि तांबडी जीभ लोंबणारी एक आकृती उड्या मारत आली. आणि आई एकदम म्हणाली,

"बघ गो, संकासूर इलो!"

मी संकासुराकडे पाहिलेच नाही. मी आईकडे पाहत राहिले. 'इलो'! आईचे माहेर आंबोलीचा घाट उतरून खाली, कुडाळच्या बाजूला. तिची भाषा मालवणी. पण आमचे गाव घाटावरचे, उसाचे, कोल्हापूरकडचे. लग्न होऊन ती वर आली आणि बघता बघता आमच्यासारखीच बोलू लागली. मामाचा फोन आला की पाच मिनिटे तिची भाषा बदलते, एवढेच. माझ्याशी ती मालवणीत बोलली, ती माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, आणि तेसुद्धा संकासुराच्या निमित्ताने.

मी शेजारी बसले. मग तिने मला दशावतार शिकवला, अगदी आमचे सर कादंबरीचे घटक शिकवतात तसा सविस्तर. आधी पूर्वरंग. त्यात गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, भटजी येतो, आणि वेद चोरणारा हा संकासूर लोकांना हसवतो. मग उत्तररंगात पुराणातले आख्यान. संवाद लिहिलेले नसतात. नाटकाआधी कथा ठरते, आणि मग ज्याने त्याने रंगमंचावर उभे राहून आपले बोलणे आपण घडवायचे. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. नेपथ्य म्हणजे एक बाकडे. तेच सिंहासन, तोच पर्वत. देवळाच्या पटांगणात, पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर, मध्यरात्रीकडे नाटक उभे राहते आणि उजाडेपर्यंत चालते. लहानपणी आई घोंगडीत गुरफटून, हातात खाज्याची पुडी धरून पहाटेपर्यंत जागायची.

"मग तू गेलीच नाहीस परत?" मी विचारले.

"कधी जाणार? जत्रा कार्तिकात सुरू होतात."

तेवढ्या उत्तरावरून मला सारे कळले. कारण कार्तिकातच आमच्याकडे कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोळी पडली की मार्च-एप्रिलपर्यंत तीन पाळ्यांत कारखाना धडधडतो. बाबांना त्या दिवसांत रजा नाही. पाळी आठवड्याला बदलते, तसा डबाही कधी पहाटे चारला, कधी दुपारी. मे महिन्यात हंगाम संपतो तेव्हा आम्ही आजोळी जातो, आंबे-फणस खातो. पण तोवर जत्राही संपलेल्या असतात. दोन्ही हंगाम एकाच वेळचे. यात कुणाचा दोष काढावा? ऊस आपल्या वेळेला पिकतो, देव आपल्या वेळेला पालखीत बसतो. मधल्या बावीस वर्षांत आईने एकही दशावतार पाहिला नाही, एवढे मात्र खरे.

पडद्यावरचा दशावतार म्हणजे जत्रा नव्हे, हे तिलाही ठाऊक आहे. थंडी नाही, शेजारी बसलेली मैत्रीण नाही, खाज्याचा वास नाही. "हयसर रात कशी होयत?" असे ती दुपारी दोन वाजता, खिडकीचा पडदा ओढत म्हणाली. शिवाय या डब्याची आणखी एक खोड आहे. बराच वेळ रिमोटला हात लागला नाही की तो मध्येच थांबून विचारतो, "तुम्ही अजून पाहत आहात का?" जत्रेत डुलक्या घेणाऱ्या प्रेक्षकाला असे कुणी विचारत नाही. ऐन युद्धाच्या प्रसंगी हा प्रश्न आला, तेव्हा आई चिडून टीव्हीलाच म्हणाली, "बघतंय मां!" आणि मी हसून हसून बेजार झाले.

यानंतर जे झाले ते त्या यंत्राच्या स्वभावाला धरूनच झाले. आपण जे पाहतो ते डबा लक्षात ठेवतो आणि तशाच वस्तू पुढे करतो. आई दुपारी पाहत होती ती भावाच्या नावावर, कारण पडद्यावर तो चेहरा पहिला होता. आठ दिवसांत क्रिकेटच्या जागी सगळीकडे मुकुट आणि गदा दिसू लागल्या. भाऊ वैतागला. "आई, माझ्या यादीत सगळे राक्षस आलेत!" म्हणून त्या रविवारी सगळ्यांच्या साक्षीने आईचा चेहरा तयार करायचे ठरले. भावाने 'आई' असे लिहायला सुरुवात केली.

"आई नको," ती म्हणाली. "माझं नाव लिही."

भावाने तिचे नाव लिहिले, जे रेशनकार्डावर आहे ते. तिने मान हलवली. मग तिने हळूच दुसरेच एक नाव सांगितले. ते तिचे माहेरचे नाव होते. लग्नात नाव बदलण्याची रीत आमच्याकडे होती, आणि ते नाव त्या दिवशी तांदळाच्या ताटात पुसले गेले होते. मामासुद्धा तिला ताई म्हणतो, त्यामुळे ते आमच्या कानांवर कधी पडले नव्हते. भाऊ रिमोटने एकेक अक्षर टिपू लागला. आजी खाटेवरून पाहत होती. ती काही बोलली नाही. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे, दुसरी वेलांटी हवी तिथं."

म्हणजे बाबांना ते नाव ठाऊक होते, शुद्धलेखनासकट!

आता थोडे तटस्थपणे बोलले पाहिजे. "कोण पाहत आहे?" हा प्रश्न डबा काही मायेने विचारत नाही. आपल्याला काय आवडते हे कळले की आपण अधिक वेळ बसतो, आणि आपण बसलो की कुणाचा तरी व्यापार चालतो. आईच्या दशावताराचीही कुठे तरी नोंद झाली असेल, त्याचाही कुणी हिशेब मांडत असेल. अर्थशास्त्राच्या तासाला आपण हे शिकतो, आणि ते विसरू नये. पण व्यापाराने विचारलेला असला, तरी प्रश्न खरा होता. त्या चाळीस माणसांच्या रामायणात एकोपा होता, त्याचे गोडवे आपले वडील गातात. त्या एकोप्यात मागे बसलेल्या बायकांना काय पाहावेसे वाटत होते, हे विचारण्याची सोय मात्र नव्हती. आमच्या घरी ती सोय एका काळ्या डब्याने केली, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

मित्रहो, तुमच्याही घरी असा डबा असेल, किंवा येईल. सुट्टीत घरी जाल तेव्हा पडद्यावरची नावे एकदा मोजा, आणि घरातली माणसे मोजा. हिशेब जुळला नाही तर रिमोट त्या राहिलेल्या माणसाच्या हातात द्या. "लाव काही तरी," असेच पहिले उत्तर येईल. ते ऐकून रिमोट परत घेऊ नका. थोडे थांबा. आमच्याकडे या थांबण्याला दिवाळीपासून जानेवारीपर्यंतचा वेळ लागला.