हवेऐवजीं फेस

पुलगांवचें नांव काढलें कीं परगांवच्या माणसास लष्कराचें दारूगोळ्याचें कोठार आठवतें. आम्हां येथील रहिवाशांस मात्र त्याहून लहान आणि रोज अनुभवास येणारें एक शस्त्र आठवतें, तें म्हणजे बाभळीचा कांटा. वर्धा नदीकांठची ही काळी जमीन कपाशीला उदार आहे. पण शेताभोंवतीं बाभळीच्या फांद्यांचें कुंपण घालण्याची येथें जुनी चाल असल्यामुळें पांदणींत जागोजाग कांटे सांडलेले असतात. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धांवेला त्यांची पर्वा नव्हती. मोटारसायकलच्या ट्यूबला ती करावी लागते.

२०१९ सालीं हीरो कंपनीची एक्सपल्स बाजारांत आल्यापासून उंच, तारांच्या चाकांच्या, आडरानांत जाण्यासाठीं केलेल्या गाड्या आमच्या भागांतही दिसूं लागल्या. आमच्या पुतण्यानें तशीच एक घेतली. शर्यतींत उतरण्याचा त्याचा मनोदय आहे, आणि त्यासाठीं सकाळीं तो नदीकडच्या वाटांनीं सराव करतो. एका आठवड्यांत तीनदां पंक्चर झाल्यावर त्यानें घरांत जाहीर केलें कीं आतां चाकांत हवा भरावयाचीच नाहीं, फोम घालावयाचा. "काका, हवाच नाहीं, तर पंक्चर कशाचें?" या युक्तिवादांत वैगुण्य काढणें कठीण होतें. परंतु फोमच्या एका कड्यास टायरहून कितीतरी अधिक पैसे पडतात. आणि त्याच गाडीवर मागें बसून आमच्या वहिनी दर महिन्याला सेवाग्रामच्या इस्पितळांत जातात. तेव्हां हा विषय थोडा खोलांत शिरून पाहणें आम्हांस भाग पडलें.

चाकांत हवा कोंडण्याच्या कल्पनेचें पेटंट रॉबर्ट टॉम्सन यानें १८४५ सालीं घेतलें. जग तें विसरलें, आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठीं तीच युक्ति पुन्हां शोधून काढली. जवळ जवळ शंभर वर्षें हवेचे गोडवे गाइल्यानंतर, गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकांत, फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनें शर्यतींच्या गाड्यांसाठीं ती हवा बाहेर काढून रबराचा फेस आंत घातला. फ्रेंच लोक त्यास 'मूस' म्हणतात. आपल्या सोनाराच्या मुशीशीं त्या शब्दाचें नातें नाहीं. त्याचा अर्थच मुळीं फेस. हें कडें म्हणजे ब्युटिल जातीच्या रबरांतील असंख्य बंद बुडबुडे. एक फुटला तरी शेजारचा शाबूत राहतो. कांटाच काय, खिळा शिरला तरी गाडी चालतच राहते.

निवडीची पहिली अट माप ही होय. ट्यूबमधील हवा पंपानें कमीजास्त करतां येते. फोमचा दाब कारखान्यांतच ठरून येतो, साधारणतः चौरस इंचास १२ ते १४ पौंड हवेएवढा. म्हणून टायर आणि कडें हीं वधूवरांसारखीं एकमेकांस पाहूनच घ्यावींत. पुढें २१ इंची व मागें १८ इंची चाक, एवढें दुकानदारास सांगून भागत नाहीं. टायरची रुंदी आणि उंचीही जुळली पाहिजे, व त्यांतही एकाच आंकड्याचे दोन कंपन्यांचे टायर आंतून सारखे नसतात. कडें सैल बसलें तर तें आंतल्या आंत घसरून तापतें. फार घट्ट बसलें तर चाक लांकडासारखें होऊन दगडावरून उड्या मारतें. शिवाय हवा टायरला रिंगेवर दाबून धरते तसें फोम धरीत नाहीं, यास्तव रिम-लॉक अवश्य ठेवावें.

टायरवरचे उंचवटे दूर दूर असले म्हणजे तो चिखल झटकून टाकतो. कठीण जमिनीवर जवळ जवळ उंचवट्यांचा बरा. आमच्या काळ्या मातीपुढें जुलै महिन्यांत दोन्ही सारखेच हरतात. ती टायरला चिकटते, मडगार्डांत भरते आणि चाक जागच्या जागीं रोंवून टाकते. अशा दिवशीं गाडी घरींच ठेवावी, हा सल्ला कोणतीही कंपनी आपल्या पत्रकांत छापीत नाहीं.

फोमचे वैरी दोन, घर्षण व उष्णता. बसवितांना कड्यास सर्व अंगांनीं त्याचें खास वंगण भरपूर चोपडावें लागतें. हाताशीं आहे म्हणून इंजिनाचें ऑईल किंवा साधें ग्रीस फांसलें तर रबर बिघडतें. पुढें मधून मधून टायर उतरवून वंगण पुन्हां लावावें आणि आंगठ्यानें दाबून कडें तपासावें. वापरानें फोम आखडत व मऊ पडत जातो. त्याचा चुरा सुटूं लागला कीं त्याचें आयुष्य संपलें. बसविण्याचें काम मोठें दांडगें आहे. टायर आधीं उन्हांत ठेवून मऊ करावा असें जाणते सांगतात. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळें ही सोय आम्हांस फुकट आहे. परंतु तेंच ऊन फोमला मारक. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कडें काढून थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावें.

आतां सेवाग्रामचा रस्ता. तो डांबरी, सलग आणि तासाभराचा. सतत वेगानें धांवतांना फोम आंतून तापत जातो, बुडबुडे फुटतात, आणि ऐन वेगांत टायर ढिला पडूं शकतो. फोम करणारे स्वतःच बजावतात कीं हा माल शर्यतीचा आहे, सार्वजनिक रस्त्याचा नव्हे. पंक्चर झालें तर माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो, त्याचा वेळ जातो. येथें मागें बसलेल्या आईचा प्रश्न होता. आम्हीं पुतण्यास एवढेंच विचारलें, आणि त्यानेंही वाद घातला नाहीं.

ठरलें तें असें: रोजच्या चाकांत जाड ट्यूब, आणि पेटींत पंप, ठिगळें व टायर उचकटण्याच्या पट्ट्या. सरावासाठीं त्यानें जुन्या चाकांची दुसरी जोडी मिळविली, तींत फोम बसेल; निम्मे पैसे आमचे. मात्र घरांत थंड आणि अंधारी अशी जागा एकच, ती वहिनींची तुरीची डाळ ठेवण्याची खोली, आणि तिच्याविषयींचें बोलणें अद्याप चालू आहे.