मैदानावरच्या दोन रेघा

पावसाळा ओसरतो, पायांना चिकटणारी काळी माती वाळू लागते आणि हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांना आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे वेध लागतात. ही महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या संघात आपले नाव यावे, ही खेळाडू मुलींची मोठी आस. कबड्डी आणि खो-खो हे आपल्या मातीतले खेळ. बास्केटबॉल हा दूरदेशीचा पाहुणा. त्याला दहा फूट उंचीवर लोखंडी कडे हवे आणि चेंडू नीट उसळेल अशी टणक जमीन हवी. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक पराभव झाला की हंगाम संपला! महिनोन्‌महिने केलेल्या सरावाचा निकाल एखाद्या दुपारीच लागून जातो. तरीही मुली या टोकापासून त्या टोकापर्यंत जिवाच्या आकांताने धावतात आणि पाहणाऱ्यांना त्याचे नवल वाटत नाही. एके काळी हे धावणेच त्यांना वर्ज्य होते.

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ रचला. हिवाळ्यात घराबाहेर पडू न शकणाऱ्या तरुणांना काही उद्योग हवा होता. पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि काम भागले. टोपल्यांना बूड होते. त्यामुळे चेंडू आत पडला की शिडी आणावी लागे!

तेथून जवळच, नॉर्थॅम्प्टन गावी, मुलींचे स्मिथ महाविद्यालय होते. १८९२ च्या जानेवारीत सेंडा बेरेन्सन या तरुण शिक्षिका तेथे व्यायाम शिकवण्यासाठी आल्या. त्या स्वतः लहानपणापासून अशक्त होत्या. दुखण्यापायी त्यांना पियानोचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले होते. व्यायामाने काय साधते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. नेस्मिथच्या खेळाविषयी वाचताच त्यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला.

२२ मार्च १८९३ रोजी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना ठरला. व्यायामशाळेची दारे आतून बंद करण्यात आली. मुली सैल तुमानी घालून खेळणार होत्या, म्हणून पुरुषांना प्रवेश नव्हता. आत मात्र मैत्रिणींच्या आरोळ्यांनी छप्पर दणाणत होते. पंचांनी पहिलाच चेंडू उडवला आणि झटापटीत पहिल्या वर्षाच्या कर्णधार मुलीचा खांदा निखळला! मुलींचे चेहरे पांढरेफटक पडले. हा खेळ मुलींचा नव्हेच, असे म्हणायला लोकांना आणखी काय हवे होते? परंतु खांदा बसवण्यात आला, तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली आणि सामना पुढे चालू झाला. दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी तो ५-४ असा जिंकला.

मुलींच्या खेळावर टीका होऊ नये आणि झोंबाझोंबी टळावी, म्हणून बेरेन्सनबाईंनी नियम बदलले. दोन रेघा ओढून मैदानाचे तीन भाग केले. आपला भाग सोडून कोणी पलीकडे जायचे नाही, दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांहून अधिक वेळ तो धरायचा नाही. १९०१ मध्ये हे नियम पुस्तकरूपाने छापले गेले. आज ते वाचून हसू येईल; तथापि त्या रेघा नसत्या, तर कदाचित व्यायामशाळाच मुलींना बंद झाली असती. खेळ टिकला, तो त्या रेघांच्या आडोशाने.

पण आडोशाचे कुंपण व्हायला वेळ लागत नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत तीन भागांचे दोन झाले. तेथील महाविद्यालयीन मुलींना संपूर्ण मैदान मिळाले ते १९७१ मध्ये. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल १९३६ पासून होते. स्त्रियांचे आले १९७६ मध्ये, माँट्रियल येथे. बेरेन्सनबाई हे पाहायला उरल्या नव्हत्या.

आता मैदानाला दोन भागांत विभागणारी एकच रेघ उरली आहे, ती मध्यावरची. तिचा नियमही मोठा गमतीचा आहे. आपल्या अर्ध्या भागात चेंडू हाती आला की संघाने आठ सेकंदांच्या आत तो रेघेपलीकडे न्यायचा. रेघेच्या अलीकडेच रेंगाळले, तर पंचांची शिटी वाजते आणि चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.