दोऱ्याची वाट

रिळापासून सुईपर्यंतचं सरळ अंतर दोन वीतही भरत नाही. तरी शिलाई मशीनवर दोरा त्या वाटेनं कधीच जात नाही. रिळावरून निघून तो डावीकडच्या कडीत अडकतो, खाली उतरून टेन्शनच्या दोन गोल चकत्यांमध्ये शिरतो, तिथल्या बारीक तारेच्या स्प्रिंगला वळसा घालतो, पुन्हा वर चढून खालीवर होणाऱ्या दांडीच्या भोकातून जातो आणि मग कुठे सुईकडे यायला निघतो. मावशीच्या काळ्या पायमशीनशेजारी बसून बसून ही वाट मला लहानपणीच पाठ झाली होती. ती तशी का आहे, हे मात्र पुष्कळ पुढे, खालची पट्टी सरकवून चाक हातानं हळूहळू फिरवताना उमगलं.

हातशिलाईची सुई अख्खी कापडातून आरपार जाते, म्हणून तिचं नेढं मागच्या टोकाला. मशीनच्या सुईचं नेढं अणीपाशी असतं. ती कापडाखाली जरा उतरते आणि आल्या वाटेनं परतते. सगळी करामत त्या परतण्यात आहे! सुई वर निघते तेव्हा नेढ्याजवळ दोऱ्याचा इवलासा फास सुटतो. खालच्या शटलची चोच नेमकी तेव्हाच त्यात शिरते, त्याला खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवून आणते, आणि वरची दांडी दोरा पुन्हा खेचून घेते. दोन दोरे एकमेकांत अडकतात; टाका पडतो. अणीपाशी नेढं असलेली सुई आणि दुसरा दोरा घेऊन धावणारं शटल, या जोडीवर एलियास हाऊ या अमेरिकन माणसानं १८४६ साली पेटंट घेतलं. पाच वर्षांनी आयझॅक सिंगरनं आपल्या मशीनचं घेतलं. यंत्रांविषयी इतकं कठोर बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं, कारण त्यामागे त्यांना बायकोचे कष्ट हलके करू पाहणाऱ्या माणसाचं प्रेम दिसलं. मला ते फार पटतं.

दोऱ्याचा एकच भाग कापडात बसण्याआधी नेढ्यातून कितीतरी वेळा खालीवर जातो. म्हणून त्याला थोडी ढील हवी, आणि थोडा लगामही. चकत्या लगाम घालतात, दांडी ढील देते नि काढून घेते. त्यातली एक जागा जरी सुटली, तरी हिशेब बिघडतो.

"आधी फूट वर घे, मग दोरा ओव," मावशी म्हणायची. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात न शिरता कडेवरच राहतो. वरून टीप सुरेख दिसते आणि कापड उलटलं की खाली गुंताच गुंता. बघणारा बिचारा बॉबिन काढून तपासत बसतो, आणि दोष असतो वरच्या दोऱ्याचा. शिवण शिकवणाऱ्यांनी ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी, असं मला मनापासून वाटतं. सुईला एका अंगानं लांब खाच असते, त्याच बाजूनं दोरा ओवायचा. फास दुसऱ्या बाजूला सुटतो. सुई उलटी बसली तर चोच रिकामीच फिरते.

बॉबिनची डबी मावशी दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची आणि मनगटाला हलका झटका द्यायची. डबी कोळ्यासारखी बोटभर उतरून थांबली की ताण बरोबर. सरसर खाली आली तर स्क्रू किंचित आवळायचा, हललीच नाही तर सैल करायचा. डबी बसवली की सुईचा दोरा डाव्या हातात सैल धरून चाक एक फेरा फिरवायचं. खालचा दोरा वर येतो. दोन्ही टोकं फुटाखालून मागे सोडायची. ती पुढेच राहिली तर पहिल्याच टाक्यांत गोळा होतो.

नव्यानं शिकणाऱ्यांना मी वर लाल आणि खाली निळा दोरा घालायला लावते आणि जुन्या चादरीच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारायला सांगते. उलट्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण कमी पडतोय, सुलट्या बाजूला निळे डोकावले तर तो जास्त आहे. दोन्ही रंग आपापल्या बाजूला राहिले, म्हणजे गाठ दोन थरांच्या मधोमध बसली. मग खुशाल ब्लाऊजचं कापड घ्यावं.