मूळ जागा

यकृतात गाठ सापडली म्हणून तो यकृताचा कॅन्सर ठरत नाही. मोठ्या आतड्यात सुरू झालेला रोग पुष्कळदा यकृतात पोचल्यावरच लक्षात येतो. केस पेपरवर ‘लिव्हर’ असं ठळक लिहिलेलं असलं, तरी आमच्या कॅन्सर रजिस्ट्रीत नोंद आतड्याचीच करायची.

आमचा सगळा व्यवहार जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-ओ’ या पुस्तकावर चालतो. एक कोड रोगाची जागा सांगतो, दुसरा पेशींचा प्रकार. गालाचं आतलं अस्तर सी ०६.०, खालची हिरडी सी ०३.१ आणि या दोहोंमधली खोबण सी ०६.१. तंबाखू-चुन्याची गोळी लोक नेमकी त्या खोबणीत धरून ठेवतात, त्यामुळे आपल्याकडे हे कोड सारखे लागतात. रोग फार पसरलेला असेल, तर तो गालावर सुरू झाला की हिरडीवर, हे सर्जनलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मग अंदाजाने एखादा कोड टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. मला तसा भरलेला रकाना रिकाम्या रकान्याहून वाईट वाटतो. ‘तोंड, नेमकी जागा नोंदलेली नाही’ यासाठी सी ०६.९ आहे. कागदात तेवढंच असेल, तर तेवढंच लिहावं.

पेशींच्या कोडात तिरप्या रेघेपुढचा आकडा सर्वांत जोखमीचा. ८०७०/३ म्हणजे खोलवर घुसलेला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, ८०७०/२ म्हणजे अजून वरच्या थरातच असलेला. गर्भाशयमुखाच्या बायोप्सी रिपोर्टात हा फरक कधी कधी एकाच शब्दावर असतो. त्या बाईचे उपचार माझ्या आकड्यावर ठरत नाहीत. पण दोनाचा तीन झाला, की जिल्ह्याच्या हिशोबात नसलेला रोग शिरतो.

या हिशोबाची किंमत बार्शीने दाखवली. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री तिथे १९८७ साली सुरू झाली. नोंदी घेणारी माणसं गावोगाव फिरून लोकांना लक्षणंही समजावून सांगत. पुढच्या काही वर्षांत तिथे गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं.

म्हणून डॉक्टरांना कळकळीची विनंती: बायोप्सीच्या फॉर्मवर नुसतं ‘ओरल कॅव्हिटी’ लिहू नका. गाल, हिरडी, जीभ, डावी बाजू, उजवी बाजू, जे दिसलं ते लिहा. रुग्ण तुमच्यासमोर बसलेला असतो. आमच्यापर्यंत फक्त कागद येतो.