बारा आठवडे थांबशील?

प्रिय सोन्या,

यंदा रंगपंचमीला तू रहाडीवर आला नाहीस. पोट बिघडलंय, असं वहिनी म्हणाली. पोट कसलं बिघडतंय तुझं! तिवंध्याच्या रंगाने भरलेल्या रहाडीत धप्पा मारायला मिळणार म्हणून आदल्या रात्री झोप न येणारा पोरगा तू. गल्लीतली सगळी मुलं रंगात बुडून ओळखू येईनाशी झाली आणि तू आतल्या खोलीत दार लावून बसलास. का, ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक आहे. समोर बसून बोलायला जावं तर तू केस कपाळावर ओढतोस आणि मोबाइलमध्ये डोकं घालतोस. म्हणून लिहिते आहे. वाचून फाडून टाकलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

मी चिडले आहे तुझ्यावर, हे आधी सांगून टाकते. परवा तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा बेसिनवरच्या फळीवर, दादाच्या शेव्हिंग क्रीमच्या मागे दडवलेली ती ट्यूब दिसली. ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचणं हा माझा रोजचा धंदा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. ट्यूब पार पिळून चपटी झालेली. आणि डॉक्टरांनी मुरमांसाठी लिहून दिलेलं जेल मात्र जेमतेम टोकाशी दाबलेलं, धूळ खात पडलेलं. कुणी दिली रे तुला ती? जिममधल्या मित्राने? की कुणा मेडिकलवाल्याने ‘भारी आहे, आठ दिवसांत फरक’ म्हणत काउंटरवरून सरकवली?

फरक पडला असेल, मी नाही म्हणत नाही. मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते सूज आणि लाली दाबून टाकतं, चेहरा चार दिवस तुकतुकीत दिसतो. आरशात बघून तुला किती बरं वाटलं असेल, याची मला कल्पना आहे. पण मुरूम जिथून येतो तिथे काहीच बदललेलं नसतं. मग एक दिवस लावायचं राहून जातं आणि आधीपेक्षा दुपटीने उफाळून येतं. उन्हात गेलं की आग होते, त्वचा पातळ होते, गालावर लाल बारीक शिरा दिसायला लागतात, नको तिथे लव वाढते. आणि स्टेरॉइडमुळेच नवी मुरमं येतात ती वेगळीच. मग माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतो. स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, असं डॉक्टरांनी या दुखण्याला नावच देऊन ठेवलंय, इतके पेशंट येतात.

गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानात माझं अर्धं आयुष्य पेट्या मोजण्यात गेलं. चिठ्ठी नसलेली मुलं-मुली कशी येतात, ते मी रोज बघते. स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढलेला, आवाज खाली, आणि मोबाइलवर ट्यूबचा फोटो: ‘हीच द्या.’ पूर्वी शेड्यूल एचमधलं, म्हणजे एरवी चिठ्ठीशिवाय न विकायचं औषध वरून लावायच्या मलमात असेल तर त्याला चिठ्ठीची सक्ती नव्हती. त्या पळवाटेतून ही मलमं गोरं करणारी क्रीम म्हणून घरोघरी पोचली. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध सतत आवाज उठवला, आणि 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमांची ती सूट काढून घेतली. कायदा आहे. पण काउंटरच्या या बाजूला आणि त्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांना घाई असते, त्याला कायदा काय करणार? मी ‘नाही’ म्हणते तेव्हा ती मुलं पुढच्या दुकानात जातात. तू कुठल्या दुकानात गेलास ते मी विचारणार नाही. माझ्याकडे का आला नाहीस, एवढंच विचारते.

आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नसतं, ती तर हातातही धरू नकोस. आठवतं, 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातल्या तिघींची बातमी आली होती? स्थानिक पार्लरमधून घेतलेली गोरेपणाची क्रीम लावली आणि दुखणं निघालं किडनीचं. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. चेहऱ्याला लावलेलं चेहऱ्यावरच राहतं, असं समजू नकोस.

झालं माझं रागावून. आता ऐक. तुझ्या तोंडावर जे आलंय ते घाणीने आलेलं नाही. दिवसातून पाच-पाच वेळा साबणाने खसाखसा तोंड धुतोस, वहिनीने सांगितलं मला. कशाला? वयात येताना अंगातले अँड्रोजेन वाढतात, त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जोमाने कामाला लागतात, आणि केसांच्या मुळाशी असलेल्या छिद्राचं तोंड मेलेल्या पेशींनी बुजतं. आत तेल साचतं. सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे जिवाणू त्यात वाढतात, शरीर त्यांच्याशी भांडतं, सूज येते. नाकावरचे काळे ठिपकेसुद्धा मळाचे नाहीत. उघड्या छिद्रातलं मेलॅनिन आणि हवा लागलेलं तेल काळं दिसतं. घासून ते जात नाहीत, उलट चेहरा सोलवटतो. सौम्य फेसवॉशने दोनदा धू, पुरे.

घरातल्यांनी तुला कमी छळलेलं नाही. उष्णता झालीय, सब्जा घे. पोट साफ नाही. आजीची हळद, शेजारच्या काकूंचं लिंबू, कुणाची तुरटी, कुणाची टूथपेस्ट. लग्नात भेटलेल्या प्रत्येक मावशीने हनुवटी धरून ‘अगंबाई, चेहऱ्याचं काय करून घेतलंस’ म्हणायचं. करून घेतलंस! जणू तू बसून केलंस ते. आणि दादाचं म्हणणं, ‘आम्हाला नव्हते का आले? जातात आपोआप.’ त्याला राग येईल, पण लिहिते. दादाच्या गालांवरचे खड्डे बघ. ते गेले का आपोआप? त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, आणि त्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत तो सरळ कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. ही प्रवृत्ती घराण्यातून उतरते. म्हणूनच मला घाई आहे. काळे डाग महिन्यांनी फिके होतात, खड्डे राहतात. तुझ्या जबड्यावर त्या खोल, दुखणाऱ्या गाठी येतात ना, खड्डे पडतात ते त्यांचेच. त्या फोडू नकोस. एवढं एक तरी माझं ऐक.

आता त्या धूळ खाणाऱ्या जेलबद्दल. त्यात अ‍ॅडापलीन 0.1 टक्के आहे आणि बेंझॉइल परॉक्साइड 2.5 टक्के. पहिलं छिद्राचं तोंड बुजू देत नाही, दुसरं जिवाणू मारतं. दादाच्या निळ्या टॉवेलवर पिवळट-पांढरे डाग पडले म्हणून घरात भांडण झालं होतं, आठवतं? ते या बेंझॉइल परॉक्साइडचे. कापडाचा रंग उडवतं ते. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा घे, विषय संपला. तू सोडलंस ते कधी, तर तिसऱ्या आठवड्यात, चेहरा कोरडा पडला, पापुद्रे निघाले आणि मुरमं उलट वाढल्यासारखी दिसली तेव्हा. नेमकं तेव्हा सोडायचं नसतं रे. आज दिसणारा मुरूम कातडीखाली कित्येक आठवडे आधी सुरू झालेला असतो. आज लावलेलं औषध पुढे येणाऱ्यांना अडवतं, आलेल्यांना नाही. म्हणून डॉक्टर आठ ते बारा आठवडे थांबा म्हणतात. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, सगळीकडे पातळ. नुसतं मुरमावर टिकली लावल्यासारखं नाही. झोंबलं तर एक दिवसाआड, आधी मॉइश्चरायझर. नाशिकची थंडी सुरू झाली की ओठ-गाल तडकतात, तेव्हा मॉइश्चरायझर जास्त.

अ‍ॅडापलीनच्या घराण्यातलं पहिलं ट्रेटिनॉइन. ते मुरमांवर चालतं हे 1969 साली अमेरिकेतल्या ज्या डॉक्टरांनी मांडलं, त्यांतले जेम्स फुल्टन स्वतः किशोरवयापासून मुरमांनी हैराण होते. मला हे वाचल्यापासून तो माणूस आपला वाटतो. आणि हो, तुझ्या ट्यूबमध्येही ट्रेटिनॉइन होतं, पण स्टेरॉइडच्या संगतीत.

डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्याही तू मध्येच टाकल्यास. ती तीन-चार महिनेच घ्यायची असते, पण सांगितली तशी, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. तिच्यावर असताना ऊन बाधतं, तेव्हा सनस्क्रीन. याने भागलं नाही तर आयसोट्रेटिनॉइन आहे. 1982 पासून वापरात आहे आणि अशा हट्टी गाठींना त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण त्याला रक्ताच्या तपासण्या लागतात, डॉक्टरांची नजर लागते. मुलींनी तर ते चालू असताना गर्भ राहू द्यायचाच नाही, बाळाला गंभीर व्यंग येतं. तुझ्या वर्गातली कुणी मैत्रीण तुझ्या गोळ्या मागेल, तर देऊ नकोस.

मिसळ सोडायची का, असं विचारलं होतंस एकदा, तेही चेष्टेवारी नेऊन. गंगापूर रोडची मिसळ बिनधास्त खा. साखर, मैदा आणि दुधाशी मात्र काही अभ्यासांना संबंध दिसलाय. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर 1200 लोकांना तपासलं तर एकालाही मुरूम नव्हता. ते कंदमुळं, फळं, मासे खाणारे लोक. त्यावरून सगळा दोष खाण्यावर टाकता येत नाही, पण जिमसाठी तू तो व्हे प्रोटीनचा डबा आणलायस ना, तो तीन महिने बंद ठेवून बघ. दंडांना डाळ-उसळ पुरते. आणि डोक्याला थापलेलं तेल कपाळावर उतरतं, ते आजीला मी सांगते, तू सांगू नकोस.

तुझा तो सातपूरचा मित्र, त्याचा चेहरा तुझ्याहून वाईट आहे. फी परवडत नाही म्हणून तोही तीच ट्यूब लावत असणार. त्याला सांग, सिव्हिलला त्वचेची ओपीडी असते, आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्येही त्वचारोग विभाग आहे. केसपेपर काढून रांगेत बसायची लाज कसली?

दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा तू मला बिलिंग शिकवलंस. मी तीच चूक पुन्हा पुन्हा करत होते आणि तू एकदाही आवाज चढवला नाहीस. ‘आत्या, पुन्हा बघ,’ म्हणायचास, आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवायचास. त्या दिवसांत तू नसतास तर मी दुकान विकलं असतं. एवढा धीर तुझ्यात आहे, मग तो स्वतःच्या वाट्याला का येत नाही? फोटो काढायचे नाहीत, क्रिकेट सोडलं, जेवायला ताट खोलीत. चेहऱ्याचं दुखणं मनात उतरतं हे डॉक्टरांनाही माहीत आहे. त्यांना तेही सांगायचं, मुरमांइतकंच मोकळेपणाने. आणि रात्री कधी अगदीच नको-नको झालं, तर दोन वाजले असले तरी मला उठव.

शुक्रवारी संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सहाला कॅनडा कॉर्नरला ये. दादाला मी सांगितलंय, तो काही बोलणार नाही. ती ट्यूब फेकू नकोस, बरोबर आण. एकदम थांबवायची की हळूहळू, ते डॉक्टर ठरवतील. हेल्मेट घालूनच ये, फक्त हनुवटीचा पट्टा आणि आतलं अस्तर धुऊन घे, घामट पट्टा घासला की जबड्यावर वाढतं. परतताना मिसळ माझ्याकडून.

तुझी,
आत्या