खोल पाण्यांतील सोबत

वाशीमच्या माणसाला पाणी ठाऊक असतें तें पद्मतीर्थाचें, विहिरीचें आणि धरणाचें. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. परंतु समुद्र येथून शेंकडों मैल दूर. अशा गांवच्या एकत्र कुटुंबांतील मुलीनें समुद्राच्या तळाशीं जाण्याचा हट्ट धरावा, हें ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. आमच्या घरीं गेल्या हिवाळ्यांत तसें घडलें खरें.

कॅलिफोर्नियाच्या थंड समुद्रांत केल्प नांवाचें तपकिरी समुद्रशेवाळ दीडशें फुटांपर्यंत वाढतें आणि पाणबुडे नावेवरून उतरून त्या रानांत शिरतात, हें आमच्या पुतणीनें चित्रपटांत पाहिलें होतें. आपल्या उष्ण समुद्रांत केल्प होत नाहीं. पण त्याच्याच तपकिरी कुळांतील सरगॅसम मालवणच्या खडकांवर उगवतें. १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य जाहीर झालें. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत शिक्षक हौशी लोकांस पाण्याखालीं नेतात. "मला तेथें तरी जाऊं द्या," असें तिचें मागणें होतें.

मातोश्रींनीं साफ नकार दिला. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणीं विहिरींत बुडाला होता. अशा भीतीला जुनाट समजूत म्हणून हंसणें आम्हांस प्रशस्त वाटेना. आम्हीं पुतणीला इतकेंच म्हटलें, "तुझें हें शास्त्र आजीला समजावून सांग."

तिनें सांगितलें तें असें : १९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो व गान्यां यांनीं असें यंत्र सिद्ध केलें कीं, भोंवतालच्या पाण्याचा दाब असेल त्याच दाबाची हवा श्वासाला मिळावी. तेहतीस फुटांवर दाब दुप्पट होतो. तेथें घेतलेला श्वास कोंडून वर आल्यास ती हवा छातींत दुप्पट फुगूं पाहते. म्हणून श्वास कोंडूं नये, वर येण्याची घाई करूं नये आणि जोडीदारास सोडूं नये. एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या सिलिंडरची जादा नळी त्याला मिळते.

मातोश्रींनीं पाण्याची खोली विचारली नाहीं. "हिच्याबरोबर कोण राहणार?" एवढेंच विचारलें. नवशिक्याला शिक्षक सबंध वेळ धरून असतो, हें ऐकून त्या क्षणभर थांबल्या. "माझ्या भावाबरोबर त्या दुपारीं कोणी नव्हतें," त्या म्हणाल्या. "जा हो बाळ."

मालवणांत नावेंत बसून आम्ही पाण्यावर येणारे बुडबुडे पाहत राहिलों. पुतणी सुखरूप वर आली. त्या शेवाळाला मुळें नसतात, तें पंजानें खडक धरतें आणि हवेनें भरलेल्या बारीक बोरांच्या बळावर उजेडाकडे उभें राहतें, हें ती रात्रीं सर्वांना सांगत होती.

मुलांना पाण्यापासून दूर ठेवल्यानें तीं सुरक्षित होतात, असें आम्हांस वाटत नाहीं. विहिरी आणि तळीं तर दाराशींच आहेत. घरांतील दोघी लहान मुलींना या उन्हाळ्यांत पोहणें शिकवावें, हें मातोश्रींनींच सुचविलें. त्यांची अट एकच : दोघींनीं बरोबर जावें, बरोबर यावें.