वैऱ्याच्या वेषातील मित्र

पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यात कासुर्डी हे गाव आहे. तेथून पुरंदरचा डोंगराळ मुलूख फारसा दूर नाही. या भागातील सीताफळाची ख्याती सर्वदूर पसरली आहे. जमीन हलकी असो की पाऊस बेताचा, हे झाड कुरकुर करीत नाही. गुरेढोरेही त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावीत नाहीत. परंतु एक क्षुद्र कीटक मात्र त्याची पाठ सोडीत नाही. शेतकरी त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात.

अंगावर पीठ भुरभुरावे तसा हा कीटक पांढरा दिसतो. कोवळ्या फांद्यांतील रस तो शोषून घेतो, फळाच्या डोळ्यांमधील खाचांत ठाण मांडतो आणि गोड, चिकट द्रव बाहेर टाकतो. त्या द्रवावर काळी बुरशी चढते. असे काजळलेले फळ बाजारात कोण घेणार? मालकाचे वर्षाचे कष्ट मातीमोल होतात. मुंग्या मात्र त्या गोड द्रवाच्या लोभाने या चोराच्या पहारेकरी होतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

चिंतातुर मालक मग फवारणीचा पंप पाठीवर घेतो. पण पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचे आवरण असते आणि त्याची अंडी कापसासारख्या पुंजक्यात दडलेली असतात. विष तेथवर सहजी पोहोचत नाही. ते पोहोचते ते उघड्यावर हिंडणाऱ्या मित्रकीटकांपर्यंत!

क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा हा त्या मित्रांपैकी एक. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली त्याला भारतात आणण्यात आले. त्याची पाठ काळसर, तर डोके नारिंगी असते. त्याची मादी पिठ्या ढेकणांच्या वस्तीतच अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पिठ्या ढेकूण आणि त्यांची अंडी फस्त करतात. आज प्रयोगशाळांत लाल भोपळ्यांवर पिठ्या ढेकूण वाढवून त्यांवर हे भुंगेरे पोसतात आणि नंतर बागांत सोडतात.

मौज अशी, की या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे झुपके असतात. ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. हे मेण मुंग्यांपासून तिचे रक्षण करते. पण माणसापासून तिला कोण वाचविणार? वैरी समजून तिलाच चिरडले जाते. वस्तुतः दोघांतील भेद ओळखणे अवघड नाही. अळी आकाराने मोठी असते, तिचे झुपके लांब असतात आणि काडीने डिवचताच ती लगबगीने चालू लागते. पिठ्या ढेकूण सुस्त असतो. तो जेमतेम हलतो.

मित्र कधी कधी याहूनही लहान असतो. २००८ साली कोइमतूर येथे पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातही पोहोचला. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्वेर्तो रिको बेटावरून त्याचे नैसर्गिक शत्रू आणविले. त्यांतील अ‍ॅसेरोफॅगस ही गांधीलमाशीच्या कुळातील माशी डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी चिमुकली. ती पिठ्या ढेकणाच्या शरीरातच अंडे घालते. आतील अळी त्याला खाऊन वाढते आणि मागे उरते ते केवळ पोकळ कवच. पपईच्या बागा पुन्हा सावरल्या, त्यात या चिमुकल्या माशीचा वाटा मोठा होता.

औषध कधीच वापरू नये, असा याचा अर्थ नव्हे. मात्र पंपाला हात घालण्यापूर्वी पान उलटून क्षणभर निरखून पाहावे. पांढरे दिसले की वैरीच, असे मानणारा मनुष्य आपल्याच राखणदाराचा जीव घेतो. आणि राखणदार गेला, की बाग पुन्हा चोराच्या हाती जाते.